रिकाम्या आसनापुढची तीन फुलं

चारकोप, कांदिवली (प.)
९ जून २०२४

ती. द्रौपदीआत्यास,
चेतनाचा सविनय जयभीम वि. वि.

विशालचा फोन आला होता. तू म्हणे माझ्या पत्रासाठी पोस्टमनला रोज रस्त्यात अडवतेस. बिचाऱ्याला सोड गं. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की तुझ्याआधी विशाल वाचतो म्हणून तू चिडतेस, तेव्हा आपली पत्रंच बरी. तुझा जावई आकाश मला चिडवतो, की भाची-आत्या कुठल्या जमान्यात राहता म्हणून. चिडवू दे.

आधी अण्णांचं लिहिते, कारण तू पहिल्यांदा तेच शोधणार. आता भिंत धरून बाथरूमपर्यंत जातात. डाव्या हातानं जेवतात. उजवा अजून जडच आहे. पण बोलणं नाही. फेब्रुवारीत झटका आला तेव्हापासून एक शब्द नाही, आत्या. समजतं सगळं. पेपर समोर धरला की डोळे ओळीवरून फिरतात. स्पीच थेरपीच्या मॅडम येतात, सफरचंद, चेंडू, मांजर अशी चित्रांची कार्डं दाखवतात आणि नाव विचारतात. परवा अण्णांनी डाव्या हातानं सगळी कार्डं पलंगाखाली ढकलली आणि भिंतीकडे तोंड केलं. मॅडम म्हणाल्या, सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे, आत्ता प्रयत्न सोडला तर पुढे फार कठीण जाईल. मी मान हलवली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. विहारात इतकी वर्षं ज्यांनी पुढे बसून वंदना सांगितली, ज्यांच्या आवाजावर सेक्टरातली पोरं गप्प बसायची, तो आवाज असा जावा? मला दुसरं काही नको. तो परत यायला हवा.

आणखी एक दुःख म्हणजे मैत्री त्यांना घाबरते. त्यांचं तोंड जरा वाकडं झालंय ना. साडेतीन वर्षांची पोर ती, तिला काय कळणार! आजोबांच्या अंगाखांद्यावर खेळायची, आता खोलीच्या दारापर्यंत जाते आणि पळते.

म्हणून मी एक उद्योग काढलाय. आमच्या शिवणाच्या युनिटमधल्या फिलोमिनानं नातीसाठी फेल्टचं पुस्तक शिवलं होतं. प्रार्थनेच्या वेळी पोरं चुळबुळ करू नयेत म्हणून असं पुस्तक देतात, त्याला क्वाएट बुक म्हणतात. प्रत्येक पानावर हातांना काहीतरी काम. तिच्या पुस्तकात त्यांच्या बायबलातल्या गोष्टीतली मोठी नाव होती आणि खिशातून जनावरांच्या जोड्या निघत होत्या. मी बघतच राहिले. म्हटलं, आपल्या मैत्रीला आपलं पुस्तक का नको? ते घेऊन ती अण्णांच्या खोलीत गप्प बसेल, निदान त्यांना तिचं तोंड तरी दिसेल.

चार पानं झालीत. एका पानावर राजवाड्याचं दार, त्याला खरी चेन. उघडली की आत पांढरा घोडा. एकावर जखमी हंस, त्याचा बाण वेल्क्रोचा, ओढला की सुटतो. मैत्री तो बाण काढते आणि हंसावर फुंकर घालते. मी तिला फुंकर शिकवलेली नाही हं! एका पानावर चक्र, बटणावर गरगर फिरणारं. आणि शेवटी बोधिवृक्ष, त्याखाली भगवान. केशरी फेल्टचं चिवर, आत कापूस, कडेनं ब्लँकेट टाका, मागे टिचबटण. म्हणजे मैत्रीला त्यांना काढून हातात घेता येईल. चेहरा भरायला मला चार संध्याकाळी लागल्या. मिटलेले डोळे जमले तेव्हा मी सुई खाली ठेवली आणि उगाच बसून राहिले. माझ्याच हातांनी हे केलं यावर विश्वास बसेना.

गुडघ्याला तेल लाव. रागावायचं असेल तर पत्रातच रागव.

तुझी,
चेतना


म्हसवड
१८ जून २०२४

चि. सौ. चेतनास,
आत्याचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र वाचलं. विशालला वाचू दिलं नाही. तो दारातून माना वेळावत होता.

रागावायला सांगितलंस म्हणून रागावते. भगवंतांची बाहुली केलीस? मी तीस वर्षं अंगणवाडीत काढली आहेत. साडेतीन वर्षांचं पोर हातात आलेली वस्तू आधी तोंडात घालतं, मग चाखून झाली की जमिनीवर टाकतं. उद्या भगवान पलंगाखाली सापडतील, परवा आकाशच्या पायाखाली येतील. आणि ते टिचबटण उसवून पोरीनं गिळलं तर? मी देवदेव करणारी बाई नाही, तुला माहीत आहे. मूर्तीला नवस बोलू नये हे दादानंच मला शिकवलं. पण ज्यांच्यापुढे आपण वाकतो त्यांना खेळण्याच्या डब्यात, चमच्यांशेजारी ठेवायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. काढ ते. त्या जागी काय करायचं ते मला सुचत नाही, पण काढ.

हंसाचं मात्र मला फार आवडलं. फुंकर कुणी शिकवावी लागत नाही.

आता दादाचं. त्या मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांचं चुकतंय असं मी म्हणत नाही. पण शिवदास कांबळेला सफरचंद दाखवून हे काय म्हणून विचारलं तर तो भिंतीकडेच तोंड करणार. लहानपणी मास्तरनं सगळ्या वर्गाला एकच सोपं गणित परत परत दिलं तर हा पाटी घेऊन उठून जायचा. त्याला जबरदस्ती करू नकोस. पण सोडूही नकोस. मला इथे रात्री त्याचा आवाज आठवायला लागलाय आणि आठवता आठवता नीट आठवतोय का, अशी भीती वाटते. ही भीती मी कुणाला सांगितलेली नाही, तुलाच सांगते.

गुडघे ठीक. तू जेवत जा.

तुझी आत्या,
द्रौपदी


चारकोप
३० जून २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

दोन दिवस मी तुझ्यावर अशी चिडले होते की विचारू नकोस. चार संध्याकाळी घालवलेला चेहरा! आकाशला म्हटलं, आत्याला तिकडे बसून बोलायला काय जातंय. तो शहाणा चहा टाकायला उठला. मग तिसऱ्या दिवशी घरी आले तर मैत्रीनं भगवंतांना मसाल्याच्या डब्यावर उलटं झोपवलेलं, आणि चिवराची एक कड चघळून ओली. तू जिंकलीस.

मी पुतळा धुतला आणि उंच कपाटात ठेवला. पानावरची टिचबटणं उसवली. झाडाखाली नुसती भोकं उरली. वाट लागली, म्हटलं. मैत्री त्या भोकांवर बोट ठेवून, ते कुठे गेले म्हणून रोज विचारायची.

तेवढ्यात विहारातल्या बालवर्गाची सहल निघाली, कान्हेरीला. वर्ग घेणाऱ्या दर्शनाताईंनी पोरांना सांभाळायला आयांना बोलावलं. बोरीवलीचं नॅशनल पार्क मला नवं नाही, शाळेतून कितीदा गेले आहे. पण शाळेत असताना आपण डबे खायला जातो. या वेळी मोठ्या चैत्यात शिरले आणि मान वर करून खांब बघितले. आत्या, खांबांच्या माथ्यावर हत्ती आहेत. सोंडेत कळशी धरून पाणी घालताहेत. कुणावर, म्हणून बघितलं तर तिथे माणूसच नाही. स्तूप आहे, झाड आहे. माणसं हात जोडून उभी आहेत, आणि ज्याच्यापुढे उभी आहेत तो दिसत नाही.

दर्शनाताई म्हणाल्या, दाराबाहेरच्या उंच मूर्ती नंतरच्या, सुरुवातीचे कारागीर भगवंतांचं रूप कोरतच नसत. झाड कोरायचे, पावलं कोरायचे, रिकामं आसन कोरायचे. ज्याला कळायचं त्याला कळायचं. मी तिथे उभीच राहिले. ज्यांच्या हातात छिन्नी होती आणि असे हत्ती घडवायची ताकद होती, त्यांनी तेवढी एक जागा मोकळी सोडली. त्यांना चेहरा कोरता येत नव्हता म्हणून नाही सोडली. पोरं आतल्या अंधारात ओरडून घुमणारा आवाज ऐकत होती, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एका बाईनं तर मला चक्कर आली समजून पाण्याची बाटली दिली.

घरी येऊन त्याच भोकांवर आसन शिवलं. पिवळं फेल्ट, कडेला साखळी टाका, त्यावर कुणी नाही. आसनापुढे तीन पांढरी कमळं, टिचबटणांवर लावायची-काढायची. बटणं दुहेरी दोऱ्यानं पक्की केलीत, ओढून ओढून बघितलीत, तुझ्या धाकानं. मैत्रीनं परत विचारलंच, ते कुठे गेले. मी सांगितलं की ते दिसत नाहीत, आपण वंदना म्हणून फुलं वाहायची. बुद्धं म्हटलं की एक फूल, धम्मंला दुसरं, संघंला तिसरं. तिनं ते इतकं मनावर घेतलंय की फुलं लावताना जीभ बाहेर काढून बसते.

पण अण्णांच्या खोलीत अजून जात नाही. तेही बाहेर बघत नाहीत. मॅडम मागच्या आठवड्यात म्हणाल्या की पेशंटनंच ठरवलं असेल तर त्या काय करणार. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

लोभ आहेच, ओरडत राहा.

तुझी,
चेतना


म्हसवड
९ जुलै २०२४

चि. सौ. चेतनास,
अनेक आशीर्वाद, जयभीम.

रिकामं आसन वाचून मी चष्मा काढून ठेवला. मी नुसतं काढ म्हटलं होतं, तू कुठल्या कुठे गेलीस. मी कान्हेरी बघितलेली नाही. दादा मला नेणार होता, राहून गेलं.

पण बाई गं, फुलं तीनच? त्रिसरण तीनदा म्हणतात ना? एकदा सरळ, मग दुसऱ्यांदा दुतियम्पि, मग तिसऱ्यांदा ततियम्पि. तीन त्रिक नऊ फुलं हवीत. तुझ्या पुस्तकावर पोर पहिलं कडवं म्हणून झालं म्हणेल आणि उठेल. तुझ्या बापाला अर्धी वंदना कधी खपली आहे का? आमच्या विशालच्या लग्नात पहिल्यांदा म्हणून झालं आणि आचाऱ्यानं पंगत तयार आहे म्हणून हाक मारली. अर्धा मांडव उठला. दादानं सगळ्यांना परत खाली बसवलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. पाहुणे भुकेजलेले, वरणाला साय आलेली, आणि हा शांतपणे डोळे मिटून सांगतोय! विशालचे सासरे अजून ते बोलून दाखवतात.

तेव्हा आणखी सहा फुलं कर. पौर्णिमेला भिक्खूंचा वर्षावास सुरू होतोय, त्याआधी होऊ देत.

त्या मॅडमचं बोलणं मनावर घेऊ नकोस. ठरवलंय वगैरे काही नसेल. त्याला लाज वाटत असेल. साऱ्या जन्मात ज्याचा उच्चार कधी अडखळला नाही, त्याला तुमच्यासमोर अडखळायचं नाही. मी त्याची बहीण आहे, मला माहीत आहे.

तुझी आत्या,
द्रौपदी


चारकोप
२२ जुलै २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

तुझी सहा फुलं करायला बोरीवलीहून पांढरं फेल्ट आणलं होतं. पाकळ्या कापून ठेवल्या, पण युनिटमध्ये ऑर्डरची घाई, शिवायला वेळच मिळेना. काल पौर्णिमा. आकाश विहारात गेला, अण्णांसाठी मी घरी थांबले आणि खीर करायला घेतली. पुस्तकाची पानं दमट हवेनं वाकायला लागली होती, म्हणून ती सपाट व्हावीत असं मी पुस्तक अण्णांच्या गादीखाली दाबून ठेवलं होतं. काथ्याची जड गादी ती. मैत्रीला पुस्तक हवं होतं. मी हात खिरीत आहेत म्हणून थांब म्हटलं. ती थांबली नाही.

जरा वेळानं आवाज नाही म्हणून डोकावले. ती खोलीत होती. गादीखाली हात घालून ओढत होती, आणि अण्णा डाव्या कोपरावर भार देऊन स्वतःला उचलत होते, तिला पुस्तक निघावं म्हणून. निघालं. मग ही बया पळाली नाही. पलंगावर चढली, त्यांच्या पायांशी मांडी घालून बसली आणि शेवटचं पान उघडलं. मी चमचा हातात धरून दारातच.

तिनं एकेक फूल लावलं, एकेक ओळ म्हटली. तिसरं फूल टिच झालं आणि तिनं झालं म्हणून पुस्तक मिटायला घेतलं. तू लिहिलं होतंस तस्संच.

अण्णांनी पानावर हात ठेवला.

मिटू देईनात. मैत्री ओढत होती, ते सोडत नव्हते. मग त्यांनी पहिलं फूल काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं. डाव्या हातानं, हळूहळू. ती कुरकुरली, की मी लावलेली का काढलीत. त्यांनी पहिलं फूल परत बटणावर ठेवलं, अंगठ्यानं दाबलं. आणि आत्या, त्यांच्या तोंडून आलं, दुतियम्पि बुद्धं सरणं गच्छामि.

अख्खी ओळ. न अडखळता. जरा घोगरी, पण तीच चाल, तोच संथपणा. मला वाटलं मीच मनात म्हटलं. पण मैत्रीनं मागून म्हटलं, विहारात म्हणतात तसं, जणू काही विशेष घडलंच नाही. दुसरं फूल, धम्मं. तिसरं, संघं. मग परत तिन्ही काढली आणि ततियम्पि. मी दारातच बसले गं. मलाही मागून म्हणायचं होतं, पहिल्या ओळींना आवाज फुटेना, मैत्रीचं म्हणून झालं तरी अण्णा फूल हातात धरून होते, मग फुटला. शेवटच्या तीन ओळी आम्ही दोघींनी म्हटल्या. खीर लागली. आकाश जिन्यातच वास घेऊन धावत वर आला आणि आम्हा तिघांना बघून चप्पल न काढताच उभा राहिला.

आता खरं ते सगळं लिहिते. त्यानंतर मी वेड्यासारखी त्यांच्या मागे लागले. अण्णा, पाणी म्हणा. अण्णा, चेतना म्हणा. त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलवले, काही आलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला माझीच लाज वाटली. परत वंदना सुरू केली की येतं. तेवढंच येतं. आज मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, असं होतं कधीकधी. वर्षानुवर्षं पाठ म्हटलेलं डोक्यात वेगळीकडे साठवलेलं असतं, ते वाचतं. त्यातून साधं बोलणं येईलच असं नाही, पण कामाला आता तिथूनच सुरुवात करू. कार्डं त्या आणणार नाहीत.

मी दिवसभर त्यांच्याकडे बघतेय. पाणी हा शब्द नाही, माझं नाव नाही, आणि हे आहे. इतक्या आत काय काय असतं माणसाच्या, आत्या? मला भीती वाटते आणि हात जोडावेसे वाटतात, दोन्ही एकदम.

एक विचारायचंय. सहा फुलं शिवू का?

रविवारी संध्याकाळी विशालला फोन तुझ्या बऱ्या कानाला लावायला सांगणार आहे. ऐकू येवो न येवो, लाव.

तुझी,
चेतना


म्हसवड
१ ऑगस्ट २०२४

चि. सौ. चेतनास,
अनेक आशीर्वाद, जयभीम.

तुझं पत्र आणि तुझा फोन, दोन्ही पोचलं. आधी फुलांचं सांगते. शिवू नकोस. मी नऊ म्हटलं ते अंगणवाडीच्या हिशोबानं. नऊ असती तर पोरीनं नऊ लावून पुस्तक मिटलं असतं आणि दादाला करायला काही उरलं नसतं. तीनच राहू देत, काढून परत लावायला.

आता फोनचं. विशालनं तो माझ्या डाव्या कानाशी दाबून धरला. खरं सांगते, मला एक शब्द कळला नाही. नुसती गुणगुण आली. मग काही नाही. मग परत गुणगुण. विशाल खुणेनं विचारत होता, की येतंय का. मी त्याला हातानं गप्प केलं. कारण ती मधली शांतता माझ्या ओळखीची होती.

तुला सांगते, वंदना सांगणारे मी पुष्कळ ऐकलेत. कुणी पुढची ओळ घाईनं उचलतो, मागच्यांचं अर्धं तोंडातच राहतं. कुणी इतका थांबतो की पोरं हसायला लागतात. दादा बरोबर तेवढाच थांबायचा, की सगळ्यांत मागे बसलेल्या म्हातारीचंसुद्धा म्हणून व्हावं. मी लहान होते, मागे बसायचे, माझी जीभ जड होती. माझं झाल्याशिवाय त्यानं पुढची ओळ कधी घेतली नाही. परवा फोनमध्ये तो तस्साच थांबत होता. त्या शांततेत मी माझी ओळ म्हटली. विशाल म्हणतो, मी एवढ्यांदा म्हटली की शेजारची शांताबाई काय झालं म्हणून धावत आली. तिलाही बसवलं. तिघांनी मिळून ततियम्पि पूर्ण केलं. शांताबाई रडत होती, तिला कशाबद्दल ते माहीतही नव्हतं.

आता तुझं एक मनातलं बोलते, कारण पत्रात ते न लिहिताच तू लिहिलंयस. त्यानं तुझं नाव घेतलं नाही याचं तुला लागलंय. लागणारच, लेक आहेस. पुढे घेईल किंवा नाही, मॅडमनाही माहीत नाही आणि मलाही नाही. त्याच्या मागे लागू नकोस. पण तू लिहिलंस की पहिल्या ओळींना तुझा आवाज फुटेना. त्या ओळींनंतर दादा किती थांबला होता ते आठव. मैत्रीचं तर म्हणून झालं होतं ना? मग तो कुणासाठी थांबला होता, चेतना?

मी येतेय. विशाल पुढच्या शनिवारी गाडीत बसवून देईल. वंदनेला मला पुढे बसवू नका, मी मागेच बसेन.

आकाशला आशीर्वाद, मैत्रीला पापा. भेटेपर्यंत जीव लावून राहा, मी तर लावूनच आहे.

तुझी आत्या,
द्रौपदी